हौदाजवळ खरं बोलू नये

"या बाईंच्या उजव्या हाताला सहा बोटं हायत," रेवणप्पा माझ्या मशीनला सांगत होते.

मी नकळत उजव्या हाताकडे बघितलं. हातमोज्यात पाचच होती.

"आणि सहाव्या बोटात पण अंगठी घालत्यात. सोन्याची."

अंगात हिरवा गाऊन, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क अशा अवतारात ते मशीनच्या पंपाकडे थोडे वाकून, एखाद्या बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलत होते. पलंगाकडे त्यांची पाठ होती. पलंगावर त्यांचा मुलगा चन्नवीर कुशीवर, औषधाच्या झोपेत होता. पाठ आणि दोन्ही हात पट्ट्यांमध्ये गुंडाळलेले. मांडीतून एक जाड नळी बाहेर पडत होती, दुसरी मानेत शिरत होती, आणि मध्ये मी आणि माझं मशीन.

मला वाटलं, काळजीनं माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. मी डॉ. मुजावरांना बाहेर गाठून तसं सांगितलं. जळीत विभागाचे ते प्रमुख. शांतपणे चहा संपवून ते म्हणाले, "अंगठी कसली म्हणाले?"

"सोन्याची."

"मग तब्येत बरी आहे त्यांची. काल मला लोखंडाचे दात बसवले होते."

मी मूळची सांगलीची. पदार्थविज्ञान शिकले आणि नंतर शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं मशीन चालवायला शिकले. माझ्या कामाला परफ्युजनिस्ट म्हणतात. शब्द मोठा आहे, काम मोजण्याचं आहे. प्रवाह मोजायचा, दाब मोजायचा, वायू मोजायचा आणि मोजलं ते नीट सांगायचं. सोलापुरातल्या त्या रुग्णालयानं असं मशीन नवीनच घेतलं होतं. भाजलेल्या माणसाच्या फुप्फुसांसाठी ते आम्ही पहिल्यांदाच लावत होतो.

रेवणप्पा निराळ्यांचा सूत रंगवायचा कारखाना होता. चादरी आणि टॉवेलवाले त्यांच्याकडे सुताच्या लड्या पाठवत. एका दुपारी भट्टीशेजारच्या खोलीत सुताच्या कचऱ्यानं पेट घेतला. चन्नवीर आत गेला तो रंगाची पिंपं बाहेर काढायला. पिंपं प्लॅस्टिकची होती. पाठ भाजली ती भाजलीच, पण खरा घात केला धुरानं. दोन दिवसांत त्याची फुप्फुसं इतकी सुजली, की व्हेंटिलेटरनं कितीही जोर लावला तरी रक्तात प्राणवायू जाईना. तेव्हा डॉ. मुजावरांनी मला बोलावलं.

पहिल्या दिवशी रेवणप्पांनी मला विचारलं, "बाई, ह्या मशिनीत नक्की काय होतंय?"

मी सांगितलं. मी नीट सांगते, त्यामुळे वेळ लागतो. मांडीतल्या नळीनं काळपट रक्त बाहेर येतं. या चौकोनी डब्यात बारीक पोकळ धागे आहेत, धाग्यांच्या आतून प्राणवायू आणि बाहेरून रक्त. प्राणवायू रक्तात शिरतो, रक्त लाल होतं, आणि मानेतल्या नळीनं परत जातं. तोवर फुप्फुसांना विश्रांती. रंग ही ढोबळ खूण आहे, खरी माहिती तपासणीतून मिळते. प्राणवायू किती, कर्बवायू किती, रक्त पातळ ठेवायचं औषध किती, त्यामुळे पाठीच्या जखमेतून रक्तस्राव होण्याचा धोका किती...

रेवणप्पा "काळपट आत, लाल बाहेर" इथेच थांबले होते. जन्मभर रंगमास्तर म्हणून रंगाच्या हौदाजवळ काम केलेला माणूस. ते दोन नळ्यांकडे बघत राहिले.

"म्हणजे धाग्याला रंग चढवत नाय तुम्ही. धाग्याकडून रंग चढवून घेताय."

"तसं म्हणता येईल."

"उलटा हौद की वो हा," ते खूश होऊन म्हणाले. त्या दिवसापासून माझं मशीन हौद झालं आणि मी मशीनबाई.

खोटं बोलण्याचं कोडं त्यांच्या बहिणीनं सोडवलं. महानंदाआत्या धिप्पाड आणि मोकळ्या गळ्याच्या. मी विचारल्यावर त्यांनी माझ्या अज्ञानाची कीव केली.

"आमच्यात रीत हाय. हौदात रंग चढंना झाला, की हौदाजवळ उभं राहून खोटं बोलायचं. चांगलं मोठं. रंग दचकतो आणि सुताला धरून बसतो. आमचे आजे असं खोटं बोलायचे, की लांबून लोक ऐकायला यायचे."

"आणि रंग चढायचा?"

"मग! पण एक हाय. हसायचं नाय. आणि हौदाजवळ खरं बोलायचं नाय. खरं बोललं की रंग फुटतो. हिशेब, मयत, सोयरीक, सगळं बाहेर."

त्यांनी माझ्याकडे जरा नाराजीनं पाहिलं. "तुम्ही हौदापाशी उभं राहून सारखं आकडे सांगताव. अण्णाला लई त्रास होतोय त्याचा."

मी म्हटलं, आकडे सांगणं हे माझं कामच आहे. त्यावर तोडगा निघाला. रेवणप्पा आत असतील तेव्हा मी आकडे हळू आवाजात सांगायचे, आणि ते तेवढ्या वेळापुरते कानावर हात ठेवणार.

भेटीला एका वेळी एकच नातेवाईक आत येऊ शकत असे. सकाळी रेवणप्पा, संध्याकाळी आत्या. चन्नवीरची आई गौराबाई काचेबाहेर बसायची. आत आली की मुलाच्या तळपायाला, पट्टी नसलेल्या तेवढ्या जागी, हात लावून गप्प उभी राहायची. खोटं नाही, खरं नाही. तिला विचारलं तर म्हणायची, "मला जमत नाय. मला लगेच हसू येतंय, नायतर रडू."

रेवणप्पांचं खोटं साधं असे. सिद्धेश्वराच्या तळ्यात देवमासा निघाला. त्यांच्या मेहुण्यानं उधारी परत केली. आत्यांचं खोटं मात्र सविस्तर. त्यात नावं असत, गावं असत, जेवणाचा बेत असे. एका संध्याकाळी त्यांनी मशीनला सांगितलं, की मशीनबाईंचं लग्न ठरलंय, मुलगा विमान चालवतो, पण त्याला उंचीची भीती वाटते, म्हणून विमान खालूनच नेतो. साखरपुड्याला बुंदी नाही, बासुंदी ठेवलीय.

शेजारच्या खोलीत हेमलता सिस्टर पट्टी बदलत होत्या. काचेतून त्यांच्यापर्यंत पहिलं वाक्य पोचलं, आणि बासुंदी पोचली. मधलं काही पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी जळीत विभागातल्या सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी सांगितलं, माझं लग्न ठरलेलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "असू दे, असू दे, नसेल सांगायचं तर." मी पुन्हा स्पष्ट सांगितलं. मी जितकं स्पष्ट सांगत गेले तितका त्यांचा विश्वास पक्का होत गेला. डॉ. मुजावरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की पुढच्या महिन्यात रजा लागणार का, कारण मशीन चालवायला दुसरं कुणी नाही.

"सर, ते आत्यांनी मशीनला सांगितलेलं खोटं आहे."

"हो का?" ते म्हणाले. जरा हिरमुसले. "डिनर सेट आणून झालाय."

तो डिनर सेट आजही माझ्याकडे आहे. चांगला आहे.

आणि या सगळ्यात चन्नवीरच्या तब्येतीचे चढउतार चालू होते. छातीचा एक्स-रे पहिल्यांदा पांढराफटक होता, फुप्फुसांच्या जागी जणू कापूस भरलेला. मग कडेला थोडी काळी जागा दिसू लागली, म्हणजे हवा शिरू लागली. पण पाठीवर लावलेल्या नव्या त्वचेतून रक्त झिरपत होतं. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे औषध द्यावं लागतं, तेच जखमेवर रक्त थांबू देत नव्हतं. त्यात नळ्या जिथून शिरल्या होत्या तिथून जंतू शिरण्याची भीती. मशीन त्याला जगवत होतं आणि त्याच वेळी रोज थोडं थोडं धोक्यात ढकलत होतं.

"जितक्या लवकर सुटेल तितकं बरं," डॉ. मुजावर म्हणाले. "पण घाईनं काढलं आणि फुप्फुसांनी दगा दिला, तर पुन्हा नळ्या घालायला जागा नाही. तसं घरच्यांना सांगून, त्यांचा होकार घेऊनच काढायचं."

त्याच आठवड्यात एका सकाळी रेवणप्पा आत आले. मशीनसमोर उभे राहिले. दोनदा टोपी सारखी केली. मला वाटलं, आज खोटं सुचत नाही. मग घसा खाकरून ते म्हणाले,

"चन्नू बरा होणार हाय. दिवाळीला घरी पंगतीत बसणार हाय."

ते हसले नाहीत. नियमच होता. मी प्रवाहाच्या आकड्याकडे बघत राहिले. आकडा हलत नव्हता, तरी बघत राहिले.

बाहेर जाताना ते हळूच म्हणाले, "बाई, याच्यापेक्षा मोठं मला आता सुचत नाय."

पुढच्या सोमवारी आम्ही चाचणी ठरवली. या मशीनवरून माणूस सुटेल का, हे बघायची रीत सोपी आहे. पंप चालूच ठेवायचा, रक्त फिरतं ठेवायचं, फक्त डब्यात जाणारा प्राणवायू बंद करायचा. मग मशीन नुसती वळसा घालणारी नळी उरते. काळपट रक्त आत जातं आणि तसंच काळपट परत येतं. त्यानंतर शरीरात जो काही प्राणवायू जातो तो माणसाच्या स्वतःच्या फुप्फुसांतून. थोड्या थोड्या वेळानं पायाच्या धमनीतून रक्त काढून तपासायचं. आकडे टिकले तर नळ्या काढायच्या.

मी सकाळी वायूची चावी बंद केली. मानेकडे जाणारी नळी बघता बघता लालची काळपट झाली. दोन्ही नळ्या एकसारख्या. पहिली तपासणी चांगली आली. दुसरीही चांगली आली. मशीनजवळून हलायची सोय नव्हती, म्हणून मी तिथेच उभी होते, आणि खरं सांगायचं तर मास्कच्या आत हसत होते.

आणि भेटीच्या वेळी रेवणप्पा आत आले.

ते मशीनसमोर आले, त्यांनी नेहमीप्रमाणे आधी नळ्यांकडे बघितलं, आणि ते जागच्या जागी खिळले.

"रंग गेला," ते म्हणाले.

"काका, घाबरू नका. तो आम्हीच..."

"दोन्ही सारख्या. दोन्ही काळ्या." त्यांनी गाऊनची बाही घट्ट धरली. "फुटला की वो रंग. सगळा फुटला."

"काका, ऐका. मशीनचा वायू मीच बंद केलाय. आता मशीन काहीच काम करत नाही. चन्नवीरची फुप्फुसं स्वतः काम करतायत. तपासणी चांगली आलीय. आज नळ्या काढता येतील."

रेवणप्पांनी माझ्याकडे बघितलं. मास्कवर फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे एकदम भरून आले.

"शाब्बास," ते म्हणाले. "शाब्बास, बाई. इतक्या दिवसांत पहिल्यांदा."

"काय पहिल्यांदा?"

"बोला, बोला. थांबू नका. अजून मोठ्यानं बोला!"

मला समजायला एक क्षण लागला. मी हौदाजवळ उभी होते.

"काका, हे खोटं नाही. मी खरं सांगतेय."

"आयला, काय नरडं हाय!" ते भारावून म्हणाले. "महानंदाला पण असं जमत नाय. ‘खरं सांगतेय’ म्हणत्यात!"

"आपण बाहेर जाऊन बोलू. म्हणजे, तुम्ही जा. मला इथून हलता येत नाही, पण बाहेर डॉक्टर तुम्हाला..."

"मी हलत नाय. रंग असा असताना हौद सोडून जात नसतात."

मी काचेवर टकटक करून डॉ. मुजावरांना बोलावलं. ते कागद आणि पेन घेऊनच आले, डोळ्यांत आनंद. दार मागे अर्धं उघडंच राहिलं.

"काका, अभिनंदन! पोरगा जिंकला. इथं सही करा, दुपारी नळ्या काढून टाकतो."

रेवणप्पांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "डॉक्टर, तुम्ही पण," ते म्हणाले. "लोखंडाच्या दातांचं मनात धरू नका."

"सही?"

"सही कसली? नळ्या काढायच्या म्हणजे काय, नाटक इथवर नको. रंग बगा की जरा. चढवा वो बाई, चावी उघडा, पाया पडतो!" आणि ते खरोखरच वाकायला लागले.

डॉ. मुजावर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. पाठीच्या पट्टीवर लाल डाग पसरत होता तो आम्हा दोघांनाही दिसत होता. होकार न घेता नळ्या काढायच्या नाहीत, असं स्वतः डॉक्टरांनीच ठरवलेलं. आणि होकार देणारा माणूस आमचं प्रत्येक वाक्य उलटं ऐकत होता. "चांगला आहे" म्हटलं तर वाईट. "वाईट आहे" म्हणावं तर ते मला जमणार नव्हतं, आणि ते ऐकून कोणता बाप नळ्या काढू देईल?

मी विचार केला. सांगणं खरं असतं किंवा खोटं असतं. विचारणं यातलं काहीच नसतं.

"काका," मी म्हणाले, "एक विचारू का? हौदाजवळ विचारलेलं चालतं?"

ते अर्धवट वाकलेले तसेच थांबले. "विचारायला काय. विचारा."

"सुताला रंग पुरता चढला, की हौदाच्या पाण्याचं काय होतं?"

"उतरतं की. चांगला डाव बसला तर पाणी पार निवळतं. रंग सगळा सुतात गेला ना."

"मग पाणी निवळलं म्हणून रंगमास्तर ओरडतो का?"

"येडा हाय का तो? तो पाणी कशाला बघंल?"

"मग काय बघतो?"

"सूत," रेवणप्पा म्हणाले.

मला आणखी एक प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारला नाही. मुलाला आत आणलं त्या दिवशी त्याची निळी पडलेली नखं त्यांनी बघितली होती. त्यानंतर ते रोज आले, रोज नळ्या बघितल्या, आणि रोज पलंगाकडे पाठ करून उभे राहिले.

ते वळले. हळूहळू, जड काहीतरी वळवावं तसे.

"पडदा सारा," ते म्हणाले.

"काय?"

"खिडकीचा पडदा. ह्या ट्यूबलायटीत काय रंग दिसणार हाय? दिवसाचा उजेड पायजे."

डॉ. मुजावरांनी, विभागप्रमुखांनी, मुकाट्यानं जाऊन पडदा सारला. रेवणप्पा पलंगाच्या पायथ्याशी गेले. चादर थोडी वर केली, मुलाच्या पायाची नखं उजेडाकडे धरली. अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पांढरं झालं, पुन्हा भरलं. मग ते डोक्याकडे आले. कानाची पाळी बघितली. ओठ बघितले, व्हेंटिलेटरच्या नळीच्या बाजूनं, डोकं तिरकं करून, सुताची लडी बघावी तसे. त्यांचा चेहरा मास्कमागे होता. खांदे तेवढे दिसत होते.

"त्या दिवशी पिकलेलं जांभूळ होतं," ते स्वतःशीच पुटपुटले. "आता..."

पुढचा शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात गिळला. त्यांचा मास्क हलला आणि थांबला, म्हणून मला कळलं, की ते बोलणारच होते आणि ऐन वेळी थांबले. ते सावध झाले होते. त्यांनी मशीनकडे चोरट्या नजरेनं बघितलं. मग डॉक्टरांच्या हातातला कागद ओढून घेतला, पलंगाच्या कठड्यावर ठेवून सही केली, आणि सरळ माझ्या मशीनसमोर येऊन उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला.

"गेला!" ते ओरडले. "गेला वो माझा पोरगा! हातचा गेला!"

अर्ध्या उघड्या दारातून तो आवाज बाहेर गेला. बाहेर गौराबाईजवळ बसलेल्या आत्यांनी असा टाहो फोडला, की शेजारच्या खोलीतला गजर वाजायला लागला. इतर पेशंटचे नातेवाईक धावत आले. कुणी पाणी आणलं, कुणी पदर डोळ्यांना लावला. हेमलता सिस्टर हातातला ट्रे तसाच ठेवून रडायला लागल्या. डॉ. मुजावर दारात उभे राहून "अहो, तसं नाही, तसं नाही" म्हणत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

गौराबाई बाकावर बसली होती. ती उठली. काचेजवळ आली आणि आत बघितलं. उघडा पडदा, उजेडात आलेला पलंग, आणि मशीनसमोर मुठी वळून, पाठ ताठ करून, हसू येऊ नये म्हणून धडपडणारा नवरा.

ती मागे वळली आणि नणंदेच्या खांद्यावर हात ठेवला.

"गप बसा वो वन्सं," ती म्हणाली. "आत कुणी खरं बोलत नसतंय."

एवढं बोलून ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली.